कुलगुरूंच्या टेबलावरचे आकडे आणि माझ्या वहीतली यादी



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. डीएड करून नोकरीला लागले त्याला आता तेरा वर्षं झाली. कुलगुरू, प्राचार्य ही मंडळी आमच्यापासून फार लांबची. मग विद्यापीठाचे प्रमुख निर्णय घेताना संगणकातली आकडेवारी वापरतात की नाही, याच्याशी प्राथमिकच्या बाईंचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. एका मुलीमुळे माझं मत बदललं.

ती माझ्या पहिल्या बॅचची विद्यार्थिनी. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई शेतमजूर. दहावीला चांगले गुण, बारावी सायन्स, मग शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश. घरातून कॉलेजला गेलेली ती पहिलीच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बाजारात तिच्या आईची गाठ पडली. मी विचारलं, "कशी आहे पोरगी?" आई म्हणाली, "घरीच हाय बाई आता. कालेज सुटलं तिचं."

मी घरी जाऊन तिला भेटले. हळूहळू कळलं ते असं. पहिल्या वर्षी गणित राहिलं. शिष्यवृत्तीचा अर्ज बँक खात्याच्या जोडणीत अडकला. त्यामुळे फीचे साडेचार हजार थकले. परीक्षेचा फॉर्म भरायला गेली तर खिडकीवर सांगितलं, आधी थकबाकी भरा. घरी पैसे मागायची लाज वाटली. आठ दिवसांसाठी म्हणून गावी आली ती परत गेलीच नाही. कॉलेजातून कुणाचा फोनही आला नाही.

आता बघा, त्या कॉलेजकडे काय नव्हतं? तिची हजेरी मशीनमध्ये होती. गुण परीक्षा विभागात होते. थकबाकी अकाउंट सेक्शनला होती. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकला, ते ऑनलाइन दिसत होतं. चार ठिकाणी चार कागद होते. चारही एकत्र ठेवले असते, तर शिपायानेही सांगितलं असतं की ही मुलगी जाणार. पण ते एकत्र ठेवणं हे कुणाचंच काम नव्हतं, आणि ते काम कुणाचं हे ठरवण्याचा अधिकार फक्त वरच्या खुर्चीला असतो. म्हणून हा लेख.

माहिती वर जाते, खाली येत नाही

आपल्याकडे माहितीचा तुटवडा नाही. आपण शिक्षक तर माहिती भरून भरून थकलो आहोत. यू-डायस, सरल, पोषण आहाराची नोंद, आधार पडताळणी. महाविद्यालयांचंही तसंच आहे. २०१०-११ पासून उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण सुरू आहे, त्यात दरवर्षी माहिती भरावी लागते. १९९४ साली स्थापन झालेल्या 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी फायलींचे गठ्ठे तयार होतात. २०१६ पासून 'एनआयआरएफ'ची क्रमवारी जाहीर होते, तिच्यासाठी वेगळे तक्ते.

म्हणजे विद्यापीठांच्या प्रमुखांना आकडे नवे नाहीत. पण हे सगळे आकडे वरच्या कार्यालयाला द्यायचे असतात. श्रेणी मिळाली, बॅनर लागला, विषय संपला. तेच आकडे घेऊन, "आपल्याकडची मुलं दुसऱ्या वर्षाला का गळतात?" असा प्रश्न बैठकीत किती वेळा विचारला जातो? आपल्या शाळेतही तेच घडतं. गैरहजर मुलांची संख्या आपण रोज वर कळवतो. पण तीच मुलं पुन्हा पुन्हा गैरहजर का राहतात, यावर आपली स्टाफ मीटिंग किती वेळा झाली?

साहेब नवं साधन स्वीकारतात कधी?

फ्रेड डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली एक साधी मांडणी केली. माणूस नवं तंत्रज्ञान कधी स्वीकारतो? दोन गोष्टी पटल्या तर. एक, याचा माझ्या कामाला उपयोग आहे. दोन, हे वापरायला फार त्रास नाही. मांडणी इतकी सोपी आहे की आपल्याला रोज तिचा पडताळा येतो. व्हॉट्सॲप शिकवायला आपल्यासाठी कुणी प्रशिक्षण घेतलं नव्हतं, तरी सगळे शिकलो. आणि काही ॲपची तीन-तीन प्रशिक्षणं झाली, तरी आपण शेजारच्या तरुण सरांनाच म्हणतो, "सर, तेवढं माझं भरून द्या ना."

कुलगुरू, प्राचार्य हीसुद्धा माणसंच आहेत. त्यांनाही हेच लागू. विकणारी कंपनी येते, मोठ्या पडद्यावर रंगीत डॅशबोर्ड दाखवते, हिरवं-पिवळं-लाल दिसतं. वापरायला सोपं आहे आणि उपयोगी तर वाटतंच. पण मला वाटतं, प्रमुखाच्या बाबतीत तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. हे आकडे माझ्याबद्दल काय सांगतील?

विद्यार्थ्यांबद्दल काय सांगतील, हा प्रश्न कुणालाच जड जात नाही. पण एखाद्या विभागात दरवर्षी निम्मा वर्ग एकाच विषयात नापास होतो, हे आकडा सांगतो तेव्हा बोट विद्यार्थ्यांकडून संस्थेकडे वळतं. वेळापत्रक, शिक्षक, फीचे नियम, खिडकीवरची वागणूक, सगळं त्यात येतं. साधन घेणं सोपं असतं. त्यातून आपली चूक दिसली तर ती मान्य करणं अवघड असतं. माझ्या मते खरा स्वीकार तिथे कळतो.

हे नुसतं माझं मत म्हणून सांगत नाही. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांची उदाहरणं बघा. दोघांनीही 'कोणता विद्यार्थी गळेल' हे आकड्यांवरून शोधायचं ठरवलं. पुढे जे झालं ते मात्र अगदी उलट.

पहिलं उदाहरण : अटलांटा

जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात जॉर्जिया स्टेट विद्यापीठ आहे. फार मोठं सरकारी विद्यापीठ. गरीब घरातली, कृष्णवर्णीय, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली मुलं तिथे मोठ्या संख्येने शिकतात. २००३ साली तिथे सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण होतं ३२ टक्के. म्हणजे शंभर मुलं आली तर अडुसष्ट मुलं पदवीशिवाय राहायची.

तिथल्या प्रशासनाने मागच्या दहा वर्षांच्या नोंदी काढल्या. सुमारे २५ लाख गुणनोंदी तपासल्या. कोणत्या क्षणी मुलं वाट चुकतात ते शोधलं. त्यातून सुमारे ८०० इशारे ठरवले आणि २०१२ पासून ती पद्धत सुरू केली. एखाद्याने आपल्या पदवीला न लागणारा विषय निवडला, तर मार्गदर्शकाच्या संगणकावर इशारा येतो. मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात कमी श्रेणी मिळाली, तरी इशारा येतो. उदाहरणार्थ, राज्यशास्त्राच्या पहिल्या पेपरात 'सी' मिळवणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण पुढे पदवीपर्यंत पोचत नव्हते. पूर्वी 'सी' म्हणजे पास, म्हणून कुणी लक्ष देत नसे. आकड्यांनी सांगितलं, मदत इथेच द्यायला हवी.

पण मित्रांनो, खरी गोष्ट पुढे आहे. इशारे आले, पण मुलांशी बोलणार कोण? तेव्हा एकेका मार्गदर्शकाकडे सातशेहून अधिक विद्यार्थी होते. विद्यापीठाने सुमारे चाळीस नवे मार्गदर्शक नेमले आणि हे प्रमाण तीनशेला एक असं आणलं. मशीन घेतलं म्हणून माणसं कमी केली नाहीत, उलट वाढवली.

दुसरी गोष्ट तर मला त्या मुलीची आठवण करून देते. आकड्यांमधून दिसलं की दर सत्राला शेकडो मुलं अभ्यासामुळे नाही, तर फीच्या थोड्याशा थकबाकीमुळे नावं कमी होऊन बाहेर जात होती. त्यात शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली मुलंही होती. विद्यापीठाने २०११ पासून छोटी मदत द्यायला सुरुवात केली. सरासरी रक्कम होती साधारण ९०० डॉलर. अर्ज करा, रांगेत उभे राहा असं काही नाही. नोंदींवरून कार्यालयच विद्यार्थी शोधून काढतं आणि थकबाकी भरून टाकतं. विद्यार्थी टिकला म्हणजे त्याची पुढची फी येतेच, त्यामुळे विद्यापीठाचंही नुकसान होत नाही.

२०१४ च्या सुमारास पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांमधली दरीही जवळजवळ नाहीशी झाली. हे सगळं एकट्या संगणकाने केलं असं नाही. मार्गदर्शक, मदत, लहान गट करून शिकवणं, अशी बरीच कामं एकाच वेळी चालली होती. पण सुरुवात एका प्रश्नाने झाली होती, तो म्हणजे आपण कुठे चुकतोय?

दुसरं उदाहरण : मेरीलँड

आता मेरीलँड राज्यातलं माउंट सेंट मेरीज हे छोटं खाजगी विद्यापीठ. २०१५ साली तिथे सायमन न्यूमन नावाचे नवे अध्यक्ष होते. ते वित्तक्षेत्रातून आलेले होते. त्यांच्यापुढे एक आकडा होता. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती विद्यार्थी टिकतात, त्याची टक्केवारी. ती सरकारला कळवावी लागते आणि संस्थेची पत त्यावर मोजली जाते.

त्यांनी नव्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची ठरवली. मुलांना सांगायचं की ही तुम्हाला स्वतःची ओळख व्हावी म्हणून आहे, यात चूक-बरोबर काही नाही. पण प्रत्यक्षात त्या उत्तरांवरून गळू शकणारी मुलं ओळखायची आणि २५ सप्टेंबरच्या आत त्यातल्या २० ते २५ जणांना जायला लावायचं, अशी योजना होती. का? तर त्या तारखेपर्यंतची पटसंख्या अधिकृत मोजली जाणार होती. त्याआधी गेलेली मुलं टक्केवारीत धरलीच जात नाहीत. म्हणजे न शिकवता, न मदत करता टिकण्याची टक्केवारी चार-पाच टक्क्यांनी वाढणार!

काही प्राध्यापक याच्या विरोधात उभे राहिले. नावांची यादी दिली गेली नाही आणि मुदत निघून गेली. जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने ही बातमी छापली. अशा मुलांना सशाच्या पिलांची उपमा देऊन, त्यांना बुडवण्याची भाषा अध्यक्षांनी प्राध्यापकांशी बोलताना केली होती, हेही त्यात आलं. त्या शब्दांबद्दल अध्यक्षांनी पुढे खेद व्यक्त केला. फेब्रुवारीत दोन प्राध्यापकांना काढून टाकलं गेलं, त्यात त्या वर्तमानपत्राचे सल्लागार प्राध्यापकही होते. देशभर गदारोळ झाल्यावर त्यांना परत बोलावलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अध्यक्षांनी राजीनामा दिला.

विचार करा. कोणता विद्यार्थी अडचणीत आहे, हे दोन्ही ठिकाणी शोधायचं होतं. एकाने यादी मागवली ती हात द्यायला. दुसऱ्याने मागवली ती दार दाखवायला. कुलगुरूंनी डेटा स्वीकारला की नाही, एवढंच विचारलं तर दोन्ही ठिकाणी उत्तर 'हो' असं येईल. म्हणून तो प्रश्न अपुरा आहे.

माझ्या वहीतली यादी

त्या अध्यक्षांना नावं ठेवणं सोपं आहे. पण हे सगळं वाचताना मला माझीच एक वही आठवली.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. आधीच्या वर्षी निकाल कमी लागला होता आणि केंद्राच्या बैठकीत सगळ्यांसमोर आमच्या शाळेची टक्केवारी वाचून दाखवली होती. मी सराव चाचण्यांचे गुण घेऊन बसले. छान तक्ता केला. बावीस मुलं होती. खालच्या आठ मुलांच्या नावापुढे पेन्सिलने फुली मारली. पालकांना सांगितलं, "यंदा नको, त्याला टेन्शन येईल." चौदा मुलं बसवली, नऊ पात्र झाली. टक्केवारी वाढली. पुढच्या बैठकीत टाळ्या मिळाल्या.

त्या आठांपैकी एका मुलाने मला नंतर विचारलं होतं, "बाई, माझा फॉर्म का नाही भरला?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न अजून डोक्यात आहे. माझा तक्ता बरोबर होता. गुणही खरे होते. ती आठ मुलं मागे आहेत, हे आकड्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं. ते ऐकून मी त्यांना रोज अर्धा तास जास्त द्यायला हवा होता. मी त्यांना यादीतूनच काढलं. माझी टक्केवारी ४१ वरून ६४ झाली आणि माझ्या वर्गात कुणीही जास्त शिकलं नाही.

मेरीलँडच्या अध्यक्षांनी याहून वेगळं काय योजलं होतं? म्हणून म्हणते, हा प्रश्न फक्त मोठ्या खुर्चीचा नाही. मात्र खुर्ची जेवढी मोठी, तेवढी फुली जास्त मुलांवर पडते.

घाई केली तर काय होतं?

काही जण म्हणतील, "मॅडम, आपल्याकडचे साहेब अजून कागदावरच आहेत, आधी तंत्रज्ञान तरी येऊ द्या." मान्य आहे. पण आपल्या डोळ्यांसमोर झालेलं २०१७ सालचं मुंबई विद्यापीठाचं प्रकरण विसरू नका. सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असा निर्णय त्या उन्हाळी परीक्षांसाठी झाला. कल्पना चांगली होती. गठ्ठे हरवणार नाहीत, बेरीज चुकणार नाही, कोण किती तपासतो ते कळेल. पण ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका! एवढा पसारा एकदम नव्या पद्धतीवर नेला गेला. प्राध्यापकांची तयारी अपुरी, यंत्रणा सारखी अडखळत होती. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढच्या प्रवेशासाठी थांबलेल्या मुलांचे काय हाल झाले, ते पालकांना आठवत असेल. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

तपासणीची पद्धत आणि निर्णयासाठीची आकडेवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. पण स्वीकाराचा धडा एकच आहे. वरच्याला उपयोग पटला, म्हणजे खालच्याला ते वापरता येतं असं नाही. डेव्हिस यांच्या दोन अटींपैकी 'सोपं आहे का' हे साहेबांच्या केबिनमध्ये बसून कळत नाही. जो रात्री बसून माहिती भरणार आहे, त्याला विचारावं लागतं.

आकड्यात काय मिसळलंय?

आणखी एक गोष्ट. काही जुने-जाणते प्राचार्य डेटा म्हटलं की नाक मुरडतात. त्यांना लगेच मागास म्हणू नका. आकडे कसे तयार होतात, हे त्यांना ठाऊक असतं. आपल्यालाही ठाऊक आहे. महिनाअखेरीला एका बैठकीत भरलेली हजेरी, नेट आलं तेव्हा अंदाजाने टाकलेली वजन-उंची, पडताळणीत अडकू नये म्हणून घातलेली जन्मतारीख. अशा विहिरीतलं पाणी कितीही चकचकीत तांब्यात दिलं, तरी पाणी तेच.

शिवाय मशीन जुन्या नोंदींवरून पुढचं सांगतं. जुन्या काळात ज्यांच्यावर अन्याय झाला, तेच पुढेही नापास होतील असं त्याला वाटतं. २०२१ साली 'द मार्कअप' या अमेरिकी वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की काही मोठी विद्यापीठं गळतीचा अंदाज बांधताना विद्यार्थ्याचा वंश हाही एक घटक धरत होती. म्हणजे गुण सारखे असले तरी कृष्णवर्णीय मुलाच्या नावापुढे धोक्याचा रंग गडद. बातमीनंतर टेक्सासमधल्या एका विद्यापीठाने तो घटक काढून टाकायचं ठरवलं.

आपल्याकडे त्या रकान्यात काय येईल, ते सांगायला नको. जात, गाव, माध्यम, वडिलांचा व्यवसाय. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांचं मूल सहा महिने शाळेत नसतं, हे खरं आहे. तो आकडा बघून साखरशाळा काढता येते, हंगामी वसतिगृह करता येतं. आणि तोच आकडा बघून, "ही मुलं काही टिकत नाहीत," असंही म्हणता येतं. दोन्ही बाजूला आकडा खराच असतो.

म्हणून अनुभवी प्राचार्याची शंका मला मोलाची वाटते, पण एका अटीवर. शंका घेऊन त्यांनी नोंदी दुरुस्त कराव्यात, रकाने तपासावेत. "मला सगळं माहीत आहे, मला आकडे नकोत," असं म्हणून दार बंद करू नये. पंचवीस वर्षांच्या अनुभवालाही मागच्या बाकावरची गप्प बसणारी मुलगी दिसत नाही, असं होतं. हजारो विद्यार्थ्यांच्या कॉलेजात तर होतंच होतं.

आपण काय विचारायचं?

पालकहो, बारावीनंतर तुम्ही कॉलेज बघायला जाल. तिथे श्रेणीचा बोर्ड दिसेल, नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो दिसतील, आता तर 'एआय' असलेला कॅम्पस असंही लिहिलेलं असतं. त्यावर भाळू नका. चार साधे प्रश्न विचारा.

१. मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला किती मुलं आली आणि त्यातली किती दुसऱ्या वर्षाला आहेत?

२. माझं मूल आठ-दहा दिवस आलं नाही, तर ते कुणाला कळेल? आणि ज्याला कळेल तो फोन करेल का?

३. फी थकली किंवा शिष्यवृत्ती अडकली, तर परीक्षेचा फॉर्म अडवण्याआधी कुणी बोलतं का?

४. माझ्या मुलाची जी माहिती तुम्ही घेता, ती कोण बघतं आणि कशासाठी वापरता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर त्या संस्थेने आकडे फक्त वर पाठवायला ठेवलेत असं समजा. दुसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं, नुसत्या सॉफ्टवेअरचं नाही, तर ती संस्था चांगली.

शिक्षक मित्रांनो, आपणही आपल्या शाळेत एक सवय लावू शकतो. महिन्यातून एकदा, वर पाठवायची माहिती पाठवून झाली की तीच माहिती मुख्याध्यापकांसमोर ठेवायची आणि एकच विचारायचं, "यावरून आपण पुढच्या महिन्यात काय बदलायचं?" आज आपल्या वर्गात बसलेली मुलं उद्या प्राध्यापक, प्राचार्य, कुणी सांगावं, कुलगुरूही होतील. आकड्यातून माणूस बघायची सवय त्यांना कॉलेजात लागणार नाही. गणितात स्तंभालेख शिकवताना आपण नुसतं, "सर्वांत उंच स्तंभ कोणता?" असं विचारतो. "सर्वांत छोटा स्तंभ कुणाचा आहे, आणि तो छोटा का राहिला?" हेही विचारून बघा. मी यंदा चौथीच्या वर्गात विचारलं. हजेरीचाच आलेख होता. एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, सोमवारी बाजार असतो, म्हणून पोरं कमी येतात." जे मला वर्षभर कळलं नव्हतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

आणि ती मुलगी? तिच्या थकबाकीचे पैसे आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून भरले. कॉलेजात जाऊन बोलले. एक वर्ष वाया गेलं, पण आता ती पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसते आहे. गणिताचा राहिलेला पेपरही सुटला. साडेचार हजार रुपये आणि एक चौकशी, एवढीच गोष्ट होती. तिच्या वर्गात अशी आणखी किती मुलं होती, ते मात्र मला कळायला मार्ग नाही. कॉलेजला आहे. त्यांच्या संगणकात ती यादी आजही असेल. ती उघडून बघा, एवढंच प्राचार्यांना सांगायचं आहे.

तुमच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याचं शिक्षण असंच अर्ध्यावर सुटलं असेल, तर या रविवारी त्याच्या घरी एक चक्कर मारून या. आणि काय कळलं ते मलाही जरूर कळवा.